चौदा नंबरचा बोल्ट

जुन्या ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट आणि खालचं झाकण काढलं की निम्मं काम वरून हात घालून होतं, उरलेलं गाडीखाली पाठ टेकून. मारुती व्हॅन म्हणून 1984 साली आलेली ही गाडी 1988 मध्ये ओम्नी झाली आणि 2019 मध्ये कारखान्यातून निघायची बंद झाली. आपल्या बेळगाव भागात ती कुठे बंद झालीय? केए 22, केए 23 च्या पाट्या लावून ती अजून शाळेची मुलं नेते, चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला भाजी पोचवते, निपाणी-चिकोडीकडे आठवडी बाजाराचा माल भरून फिरते. तीन सिलिंडर, 796 सीसी, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. हे इंजिन उघडायला आपल्याकडे कोणी घाबरत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

पहिल्यांदा इंजिन उघडतं ते पाणी संपल्यामुळे, हेडखालचं पॅकिंग (गॅस्केट) जळल्यामुळे किंवा ऑइल खायला लागल्यामुळे. थोड्याच दिवसांत तेच इंजिन परत उघडावं लागलं तर मात्र माझा पहिला संशय बोल्टवर असतो. चुकीचा बोल्ट, घाण भोक, अंदाजाने लावलेला जोर. यातला जोर सगळ्यांना दिसतो म्हणून चर्चा त्याचीच होते. घोळ त्याच्या आधी, दुकानाच्या काउंटरवर झालेला असतो.

मेस्त्री पोराला सांगतो, "चौदाचा बोल्ट घेऊन ये, एवढा लांब." आणि अंगठा-तर्जनीत लांबी दाखवतो. चौदा हा पान्याचा नंबर. बोल्टच्या डोक्याची रुंदी 14 मिमी, बोल्ट स्वतः 10 मिमीचा. जपानी पद्धतीच्या गाड्यांत 8 मिमीच्या बोल्टला 12 नंबरचा पाना लागतो आणि 10 मिमीच्या बोल्टला 14 नंबरचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बोल्टचं गणित वेगळं: 8 मिमीला 13 नंबर, 10 मिमीला 16 किंवा 17. टाटा-महिंद्राचं काम करणाऱ्याच्या पेटीत तेरा-सतरा झिजलेले असतात आणि मारुतीवाल्याच्या पेटीत बारा-चौदा, ते यामुळेच. 6 मिमीला दोन्हीकडे दहाच नंबर लागतो. म्हणजे पोराने दुकानात "चौदाचा" म्हटलं की दुकानदार एकतर 14 मिमीचा रॉडसारखा बोल्ट पुढे ठेवतो, नाहीतर समजूतदार असला तर 10 मिमीचा. आणि खरी गंमत या समजूतदार दुकानदाराकडे होते.

कारण 10 मिमीचे बोल्ट दोन पिचमध्ये येतात. हार्डवेअरच्या बरणीत असतो तो दीडचा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत 1.5 मिमी. जपानी घराण्याच्या इंजिनांत 10 मिमीला बहुतेक सगळीकडे सव्वाचा पिच असतो, 1.25 मिमी. डोळ्यांना फरक दिसत नाही. दीडचा बोल्ट सव्वाच्या भोकात एक-दोन फेरे हाताने जातोसुद्धा, मग अडतो. अनुभवी हात इथे थांबतो. घाईतला हात म्हणतो, "आट्यात घाण असेल," आणि रिंग पाना लावतो. बोल्ट जातो! जाताना भोकातले आटे कापत जातो आणि शेवटी चांगला घट्टही लागतो. ब्लॉक बिडाचा असेल तर कदाचित बोल्टचे आटे मरतील. भोक अ‍ॅल्युमिनियममध्ये असेल तर भोकच गेलं. 8 मिमीला ही भानगड सहसा नसते, कारण दोन्हीकडे सव्वाचाच पिच चालतो. त्या सवयीनेच दहाच्या बोल्टवर फसायला होतं.

यावर उपाय पाच रुपयांचाही नाही. जुना बोल्ट बरोबर न्यावा. नवा आणि जुना एकमेकांच्या आट्यांत बसवून उजेडाकडे धरावे. पिच एकच असेल तर आटे आट्यांत बुडतात आणि मधून उजेड येत नाही, वेगळा असेल तर तीन-चार आट्यांनंतर ते एकमेकांवर चढतात. जुना बोल्ट तुटलेला असेल तर पट्टी घेऊन दहा आटे मोजावेत: साडेबारा मिलिमीटर भरले तर सव्वाचा पिच, पंधरा भरले तर दीडचा. दुकानात मागताना व्यास, पिच, डोक्याखालून लांबी आणि ग्रेड अशा चार गोष्टी सांगाव्यात: "दहा, सव्वा पिच, लांबी साठ, आठ-आठ." बेळगावात नंबर इंग्रजीत, भाव कन्नडमध्ये आणि घासाघीस मराठीत चालते, या चार आकड्यांना तिन्ही भाषा चालतात. जुन्या जीपवर काम करणाऱ्यांना आणखी एक पीडा आहे, सुताच्या मापाची. तीन सूत म्हणजे 9.5 मिमी, दहाच्या भोकात सैल जातो आणि दोन फेऱ्यांत पकडल्यासारखा वाटतो. अडीच सूत आणि 8 मिमी यांच्यात तर फरक केसाइतकाच. व्हॅनच्या इंजिनात सुताचा बोल्ट सापडला तर तो आधीच्या कुणाचा तरी प्रसाद समजावा आणि भोकाकडे संशयाने बघावं.

ग्रेड बोल्टच्या डोक्यावर लिहिलेला असतो. 8.8 मधला पहिला आकडा शंभराने गुणला की ताणशक्ती: 800 मेगापास्कल. दशांशानंतरचा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती हिश्श्यापर्यंत बोल्ट ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो: आठ दशांश, म्हणजे 640. 10.9 चे 1000 आणि 900. 12.9 चे 1200 आणि 1080. किलोवर मिळणारा, डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट 4.6 च्या जातीचा समजायचा, 400 आणि 240. ट्रॉलीच्या फळीला, गेटच्या बिजागरीला तो उत्तम. आपल्याकडे हे सगळं आयएस 1367 या मानकाखाली येतं, आणि डोक्यावर बनवणाऱ्याची खूणही असायला हवी. टीव्हीएस, अनब्राको ही नावं सगळ्यांनी पाहिलेली आहेत. नुसतं 8.8 छापलेलं आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही, असा बोल्ट इंजिनात घालू नये.

जुन्या जपानी बोल्टवर मात्र 8.8 दिसत नाही. तिथे एकटा आकडा असतो, 4 किंवा 7. सुझुकीच्या जुन्या मॅन्युअलांत या दोन खुणांचा तक्ता असतो, ज्या बोल्टला कसायच्या जोराचा, म्हणजे टॉर्कचा, वेगळा आकडा दिलेला नाही त्यांच्यासाठी. हा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. 4 ची किंवा कोणतीच खूण नसलेला 6 मिमीचा बोल्ट 4 ते 7 न्यूटन-मीटर, 8 मिमीचा 10 ते 16, 10 मिमीचा 22 ते 35. 7 ची खूण असेल तर हेच आकडे अनुक्रमे 8 ते 12, 18 ते 28 आणि 40 ते 60. एकाच जाडीच्या दोन बोल्टांत जवळजवळ दुपटीचा फरक, तोही एका छोट्या आकड्यावर. 7 च्या जागी 8.8 खुशाल चालतो. 4 च्या जागीही चालतो, पण म्हणून जास्त कसायचा नाही, कारण समोरचं भोक होतं तेच आहे.

हा शेवटचा मुद्दा पटवणं सगळ्यात अवघड जातं. "उंची माल टाकलाय, बारा-नऊचा, आता तुटणार नाही," असं म्हणून ऑइल चेंबरला (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला) किंवा वॉटर पंपाला काळे एलन बोल्ट लावलेल्या गाड्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या आसपास बऱ्याच दिसतात, कारण तिथे हे बोल्ट सहज मिळतात. बोल्ट तुटणार नाही, हे खरं. पण जोडात कमकुवत जे असेल ते आधी जाणार, आणि आता ते म्हणजे हेडचे किंवा कव्हरचे आटे. दहा रुपयांचा बोल्ट तुटण्याऐवजी काही हजारांचा भाग जाणार. स्टेनलेसची हौसही तशीच. चकचकीत ए2-70 चा बोल्ट गंजत नाही, मात्र त्याची ताणशक्ती 700 आणि उसळून परत यायची मर्यादा 450, म्हणजे साध्या 8.8 पेक्षा कमी. शिवाय स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा फिरवला की आटे एकमेकांना चावून बसतात, मग तो मागेही येत नाही. नंबरप्लेटला लावा की.

आता जोर. बोल्ट घट्ट होतो म्हणजे तो ताणला जातो, अगदी मिलिमीटरच्या दशांशांत. तो ताणच दोन भागांना धरून ठेवतो. उसाच्या ट्रॉलीवरचा दोर ताणून बांधला तर मोळ्या हलत नाहीत आणि दोरही घासत नाही. ढिला राहिला की प्रत्येक खड्ड्याला दोर झटका खातो आणि तुटतो. बोल्टही ढिलेपणानेच जास्त तुटतो. 10 मिमीचा कोरडा बोल्ट 60 न्यूटन-मीटरला कसला की त्यात सुमारे 30,000 न्यूटनचा, म्हणजे तीन टनांचा ताण येतो. ओम्नीच्या 68.5 मिमीच्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासात, स्फोटाच्या वेळी 50 बारचा दाब धरला तर हेडला वर ढकलणारा जोर होतो पावणेदोन-दोन टन, आणि तो आजूबाजूच्या चार बोल्टांत वाटला जातो. तीन टनांनी आधीच ताणलेल्या बोल्टला हा अर्ध्या टनाचा हिसका जाणवतसुद्धा नाही. तोच बोल्ट जेमतेम लावलेला असेल तर प्रत्येक हिसका त्याच्या अंगावर. इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांना एका सिलिंडरमध्ये मिनिटाला दोन हजार स्फोट, तासाला एक लाख वीस हजार. वंटमुरीचा चढ माल भरून चढणाऱ्या गाडीत बोल्ट थकून तुटतो तो असा. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर समजावं, हा कसून तुटलेला नाही, सैल राहून थकलेला आहे.

पण पाना हा ताण मोजत नाही. पाना फिरवायला किती जोर लागला एवढंच हाताला कळतं, आणि त्यातला साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणून आटे गंजलेले असले तर पाना कडक लागतो, टॉर्क पाना असेल तर ठरवलेल्या जोराला क्लिक होतो, मेस्त्री समाधानी होतो आणि बोल्टमध्ये ताण आलेलाच नसतो. उलट कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा ऑइल लावून वापरला तर तीनच्या जागी चार टनांचा ताण येतो, 8.8 च्या 10 मिमी बोल्टला कायमचं न वाढता सोसता येतं ते साधारण पावणेचार टनांपर्यंत. मॅन्युअलने ऑइल लावायला सांगितलं असेल तर लावायचं, तेही दोन थेंब, आट्यांना आणि डोक्याखाली. सांगितलं नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे. ग्रीस तर नकोच.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसात चालणाऱ्या गाड्यांचे बोल्ट म्हणूनच जास्त वेळ खातात. बोल्ट तारेच्या ब्रशने घासून, रॉकेलमध्ये धुऊन, पुसून ठेवावा. नवा नट हाताने शेवटच्या आट्यापर्यंत फिरला पाहिजे. मध्येच अडला तर तिथे बोल्ट लांबलेला आहे. दोन बोल्ट शेजारी धरून बघावेत, एखाद्याची कंबर बारीक झालेली असते. व्हर्नियर असेल तर आट्यांचा सगळ्यात बारीक भाग मोजावा. असा एक सापडला तर सगळा सेट बदलायचा, कारण सगळ्यांनी तेच सोसलेलं असतं. नव्या गाड्यांत अंशात कसायचे, मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणायचे बोल्ट असतात. ते एकदाच वापरायचे, त्यावर चर्चा नको. कनेक्टिंग रॉडच्या बोल्ट-नटांना तर दुकानातला पर्यायच नाही. कंपनीचेच घ्यायचे, जोडीने.

भोकाची साफसफाई कोणी करत नाही. ब्लॉकमधलं बंद भोक असेल आणि हेड उतरवताना त्यात कूलंट किंवा ऑइल सांडलेलं असेल, तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं. द्रव दबत नाही. मग एकतर टॉर्क खोटा लागतो, नाहीतर भोकाचा बुंधाच तडकतो. ब्लॉक तडकला की दोष बिडाला देतात. कॉम्प्रेसरच्या हवेने भोक फुंकायचं, वर फडकं धरून, नाहीतर ते डोळ्यात येतं. आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नये. तो नव्याने धातू काढतो. जुन्याच बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडल्या की साफ करायचं हत्यार तयार. लांबीही इथेच तपासायची. तार भोकात घालून खोली मोजावी. बोल्ट तळाला टेकला तर पाना कडक लागेल आणि वरचा भाग हातात हलेल. उलट फारच आखूड बोल्टही नको: बिडात बोल्टच्या व्यासाच्या सव्वापट आटे पकडले तरी पुरे, अ‍ॅल्युमिनियममध्ये मात्र दीड ते दोन पट. 8 मिमीला 12 ते 16 मिमी पकड.

हेड बसवण्याचं काम. इंजिन थंड हवं, रात्रभर थांबलेलं. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम हेड सोडलं की वाकतं आणि गरम हेड कसलं की थंड झाल्यावर ढिलं पडतं. सोडताना बाहेरच्या बोल्टांपासून आत, एकेक पाव फेरा. हेडच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्या) घालावा, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत. 0.05 मिमीची पाती शिरली तर हेड उद्यमबागेत फेसिंगला, म्हणजे तोंड सपाट करून घ्यायला, पाठवायचं. या गावाची गंमत आहे. त्याच उद्यमबागेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने कास्टिंग मशीन होतात, मोजून पेटीत भरून बाहेर जातात. आणि रस्त्याच्या पलीकडे तसलंच कास्टिंग पान्याला पाईप लावून आवळलं जातं.

पॅकिंगला काही लावायचं नाही. शेलॅक नाही, सिलिकॉन नाही, ग्रीस नाही. जुनं पॅकिंग काढताना अ‍ॅल्युमिनियमवर घासकागदाची चकती मारायची नाही. खड्डे पडतात आणि भुकटी बेअरिंगमध्ये जाते. पॅकिंगवर वरची बाजू लिहिलेली असते, ऑइलचं भोक जुळतंय ना ते बघायचं. आठ बोल्ट, चार-चारच्या दोन ओळी. सगळे आधी हाताने बसवायचे. मग मधले चार तिरक्या जोडीने, नंतर टोकाचे चार, पुन्हा तिरक्या जोडीने. मधून बाहेर, कारण पॅकिंग मधून बाहेर सपाट होत जायला हवं. टोकं आधी आवळली तर मधला फुगवटा अडकून राहतो. खडूने हेडवर नंबर टाकले तर कोणाची लाज जात नाही. या कार्बोरेटरवाल्या इंजिनाचा हेडचा आकडा साडेपाच ते सहा किलोग्रॅम-मीटर आहे, म्हणजे 55 ते 60 न्यूटन-मीटर. तो तीन फेऱ्यांत गाठायचा. पहिली फेरी दोन, दुसरी चार, तिसरी पूर्ण. शेवटचा ओढा एकसंध हवा. पाना अडखळत, करकरत गेला तर तो आकडा खरा नाही. बोल्ट अर्धा फेरा सोडून पुन्हा सलग ओढायचा.

टॉर्क पाना नसला तर? तीन-चार हजारांत बरा मिळतो, आणि हेड, मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील या चार जागी त्याला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वीस सेंटिमीटर लांबीच्या चौदा नंबरच्या पान्यावर तीस किलोचा ओढा दिला की सहा किलोग्रॅम-मीटर होतात. त्याच पान्यात साठ सेंटिमीटर हात होईल असा पाईप घातला की त्याच ओढ्याला अठरा. "हाताचा अंदाज आहे ओ आपला," म्हणणाऱ्या मेस्त्रीचा अंदाज चुकीचा नसतो, तो त्या एका पान्यापुरता, त्या एका पवित्र्यापुरता बरोबर असतो. ओम्नीखाली आडवं पडून तोच हात तीस किलो ओढत नाही.

स्वस्तातल्या पान्यांवर दोन मापं असतात, न्यूटन-मीटर आणि फूट-पौंड. 60 न्यूटन-मीटरऐवजी 60 फूट-पौंडांवर लावला तर 81 न्यूटन-मीटर होतात, म्हणजे एक-तृतीयांशाहून जास्त. पान्याच्या तळाच्या वीस टक्क्यांत विश्वास ठेवू नये: दोनशेच्या पान्याने दहा न्यूटन-मीटरचा बोल्ट कसायचा नाही. त्याने बोल्ट सोडायचे नाहीत, काम झालं की स्प्रिंग सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायची. शंका आली तर तपासणी सोपी आहे. पान्याचा चौकोनी खुंटा बाकावरच्या व्हाइसमध्ये धरायचा, पाना आडवा, आणि खुंट्याच्या मध्यापासून तीस सेंटिमीटरवर, मुठीच्या जागी, वीस किलोचं वजन टांगायचं. सहा किलोग्रॅम-मीटर. तिथे क्लिक व्हायला हवा. मूठ पस्तीसवर असेल तर वजन सतरा किलोच्या थोडं वर.

बारीक बोल्टांना टॉर्क पान्यापेक्षा संयम लागतो. टॅपेट कव्हर, ऑइल चेंबर, वॉटर पंप: सगळे 6 मिमी, दहा नंबरचा पाना. पंधरा सेंटिमीटरच्या पान्यावर सात किलोचा ओढासुद्धा त्यांना भरपूर होतो. पान्याची दांडी मुठीत धरू नये, डोक्याजवळ तीन बोटांत धरावी. चेंबरमधून ऑइल गळतं म्हणून आणखी कसत गेलं की पत्र्याची कडा भोकांपाशी खाली वाकते आणि जास्तच गळतं. कडा हातोडीने सपाट करून नवं पॅकिंग, हाच इलाज.

स्प्रिंग वायसरबद्दल वाद होतात. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने 1969 साली दाखवलं की बोल्ट सुटतो तो आडव्या हादऱ्याने, आणि स्प्रिंग वायसर तो फारसा थांबवत नाही, 8.8 चा बोल्ट नीट कसला की वायसर केव्हाच सपाट झालेला असतो. जिथे मूळ गाडीत होता तिथे ठेवा, नव्याने कुठे घालू नका. हेड बोल्टखाली तर कधीच नको. तीन सिलिंडरचं इंजिन आयडलला थरथरतं, तिथे माउंटिंगच्या बोल्टला निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा डिंक) एक थेंब लावलं की काम होतं. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला ते लावून उपयोग नाही, 180 अंशांच्या पुढे त्याची पकड जाते. तिथे स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) आणि तांब्याचा मुलामा दिलेले नट, बस्स.

मॅनिफोल्डचा स्टड तुटतोच. आदल्या दिवशी आटे सोडवणारं ऑइल मारून ठेवावं, सोडताना पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. तरी तुटला आणि बाहेर टोक असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका मारावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच गंज सुटतो, मग लाल विझल्यावर हळू फिरवावा. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून लेथवाल्याकडून भोक. हाताच्या ड्रिलने अ‍ॅल्युमिनियममध्ये घुसायचं धाडस नको, ड्रिल पोलाद सोडून मऊ बाजूला पळतं. नवे आटे पाडताना 8 मिमीला 6.8 चं ड्रिल, 10 मिमी सव्वा पिचला 8.8 चं. आटे पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची तारेच्या आट्यांची गुंडाळी, घाला. पुढच्या मोठ्या साइजचा बोल्ट ठोकणं हा उपाय नाही. नीट घातलेलं हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतं, तरी त्याला "जुगाड" म्हणून हिणवतात.

प्लगचंही तेच. 14 मिमीचे आटे, सव्वाचा पिच, थंड हेडमध्ये हाताने शेवटपर्यंत, आणि नव्या वायसरचा प्लग असेल तर पान्याने फक्त अर्धा फेरा. वापरलेला असेल तर त्याहून कितीतरी कमी, वायसर आधीच दबलेला असतो.

हेड बसवून गाडी गरम केली, पंखा एकदा लागून बंद झाला, की पुन्हा रात्रभर थंड होऊ द्यायची. पॅकिंग जुन्या धाटणीचं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने एकेक बोल्ट पाव फेरा सोडून पुन्हा सहाला आणायचा. सगळे एकदम सोडायचे नाहीत. पत्र्याच्या थरांचं नवं पॅकिंग असेल तर हात लावायचा नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, त्यानंतर लावायचे. आधी लावले असतील तर पुन्हा तपासावे लागतील, आणि गाडीमालक तोवर सकाळच्या शाळेच्या फेरीची वेळ सांगत दारात उभा असेल. त्याला चहा पाजावा, पण हे काम उद्यावर ढकलू नये.